ओराचा वाटा

३ जुलै
पंधरा तारखेला मोठे जहाज येणार. शंभर पाहुणे, सगळे ओरा, म्हणजे आमच्या बेटावरच्या महाकाय घोरपडी, बघायला. आमचे मुख्य रेंजर तासरीफ काका म्हणाले, ज्या रेंजरच्या पाहुण्यांच्या तुकडीला पाणवठ्यावर मोठा ओरा दिसेल, त्या रेंजरचे नाव कायम नोकरीसाठी पाठवीन. सहा वर्षे मी हंगामी. यंदा माझेच नाव जाणार.

४ जुलै
अडचण. हा ओरांचा जोडी जमवण्याचा काळ, सगळे रानात, पाणवठा ओस. मागच्या जहाजाला एक शेपटी दिसली. तिच्याबद्दलही मतभेद आहेत.

५ जुलै
उपाय सापडला. आमच्याकडे सांगतात, गावच्या पहिल्या आईला जुळे झाले, एक माणूस, एक ओरा. म्हणून आजोबा हरणाच्या शिकारीतून भावाचा वाटा रानात ठेवत. शिकारीवर बंदी आली, वाटा द्यायचा राहून गेला. मी रोज संध्याकाळी पाणवठ्याजवळ माशांची आतडी ठेवीन. खाऊ घालायला मनाई आहे, पण वाटा म्हणजे खाऊ घालणे नव्हे. मनाईचा फलक मीच रंगवला आहे. त्यात वाट्याचा उल्लेख नाही.

८ जुलै
आला. थोराड नर, खांद्यावर व्रण. माझ्याकडे बराच वेळ पाहिले. ओळख पटली असावी.

१० जुलै
बादली गळते. आईने विचारले, "मुहिदीन, आपल्या जिन्यापासून टेकडीपर्यंत हा कसला वास रे?" मी म्हणालो, खत नेतो. आमच्याकडे एकही झाड नाही. बादली बदलायची. (जहाज गेल्यावर.)

१२ जुलै
आज तो निम्म्या वाटेवर भेटला. प्रगती.

१४ जुलै
आज गावच्या शेवटच्या घराशी उभा होता. शिस्त लागली आहे.

१५ जुलै, दुपार
पाणवठ्यावर कोणी नाही. ओराला रोखायची बेचक्याची काठी धरून मी पाहुण्यांना तासभर थांबवले. मग गावातून ओरडा ऐकू आला. आई आमच्या खांबांवरच्या घराखाली सुके मासे गोळा करत होती. तिची पोटरी धरली ओराने. लोकांनी काठ्यांनी हाकलले. बोटीकडे परतणाऱ्या माझ्या पाहुण्यांनी फोटो काढले.
तासरीफ काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिसला बाबा तुझ्या तुकडीला."

१९ जुलै, लाबुआन बाजो, इस्पितळ
पाय गुडघ्याखालून काढला. आतडी कोण टाकत होते, असे काकांनी विचारले. मी सांगणारच होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "मीच टाकायचे घराखाली. म्हातारपण, भान राहत नाही. पोराला बोलू नका." मी खरे सांगणार आहे. तिला जरा बरे वाटू दे.

२ ऑगस्ट
काकांनी नाव पाठवले. वर कामही दिले: आमच्या घराच्या खांबावर लावायला नवा फलक. अक्षर चांगले आले, एकही चूक नाही. आईला वाचता येत नाही म्हणून वाचून दाखवले: ओराला खाऊ घालू नये.
ती म्हणाली, "वाट्याचंही लिही रे."
मी म्हणालो, जागा उरली नाही.
फलकाचा खालचा अर्धा भाग कोरा आहे.