इरल्याचं मानेकडचं वळण

आबा,

परवा इथं सासरी, मार्गासनीला, आमच्या खाचरात भर पावसात भाताची लावणी होती. आम्ही पाचजणी वाकलो होतो आणि पाचही पाठींवर घरी विणलेली इरली होती. बांबूच्या कामट्यांची, आत पळसाची पानं घातलेली, लांबून बघितली तर तुमच्याच हातची वाटतील अशी.

तुमच्या वेळी वेल्ह्याकडच्या आपल्या वाडीत वैशाखात बारा-तेरा बाप्ये देवळापुढं इरली विणायला बसायचे. एखाद्याची कामटी चुकली की शेजारचा लगेच हात धरायचा, "आरं, उलटी घातलीस की. झोपलास काय?" चूक तिथल्या तिथं निस्तरली जायची. मी पाणी द्यायच्या निमित्तानं घुटमळायचे. एकदा कामटी हातात घेतली, तर तुम्ही डाफरलात, "तू उद्या दुसऱ्याच्या घरी जानार. तुला कशाला? पोरं हायती की शिकायला." लई राग आला होता मला. आणि त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या मापाचं छोटं इरलं विणून माझ्या डोक्यावर ठेवलंत. मग कुठला राग आणि कुठलं काय.

पोरं शिकली, आबा, पण एकेक करून पुण्याला गेली. कुणी टेम्पो चालवतो, कुणी कंपनीत आहे. त्यांच्या हातांना आठवतही असेल, पण तिसऱ्या मजल्यावर एकटा माणूस इरलं कशाला विणेल? वाडीत सहा घरं उरलीत, विणणारा एकही नाही. इकडं बायका प्लास्टिकच्या कागदाला वैतागलेल्या, वाऱ्यानं तो अंगावर ठरत नाही. म्हणून यंदा उन्हाळ्यात मी ते छोटं इरलं माळ्यावरून काढलं आणि उसवायला बसले. तुमच्या हातचं माझ्याकडं तेवढंच होतं. पाठीची वीण समजली. मानेकडं कामट्या वळवून तुम्ही कशा अडकवायचात ते कळायच्या आत त्या माझ्या हातात मोडल्या. खूप रडले. मग तिथं आपल्या मनानंच सुतळीनं बांधलं.

आता चौघीजणी माझं बघून तसंच बांधतात. हात धरायला दुसरं कुणी नाही, त्यामुळं माझी चूक हीच आमच्याकडची रीत झालीय. परवा धाकटी जाऊ मान पुसत म्हणाली, "आक्का, हितं गळतंय. आसंच आसतं व्हय?"

"व्हय," मी म्हटलं, "आमच्या आबांनी मला असंच शिकवलंय."

गळतीचा बोल तुमच्यावर आला, माफ करा. तुम्ही मला कधीच शिकवलं नव्हतंत. पण तसं म्हणताना मला फार बरं वाटलं, आबा.