नावावरची रेघ

२८ सप्टेंबर
मागे राहणाऱ्यांनो, ही वही तुमच्यासाठी. डोंगर चढताना पुढचे लोक फाट्यावर ऐसपैस बसून आपली वाट बघतात आणि आपण धापा टाकत पोचलो की लगेच उठून चालू लागतात. ज्याला विसावा हवा, नेमका त्यालाच तो मिळत नाही! तीस वर्षं बुटांच्या कारखान्यात कामगारांसाठी घसा फोडला, आता दुखऱ्या गुडघ्यांसाठी फोडणार.

आज केंडल मिल्स गावात राहायला आले. मेपलची झाडं लालभडक पेटलीत. गावच्या भटकंती मंडळानं पहिल्याच दिवशी अकरा ऑक्टोबरच्या सहलीची आखणी माझ्या गळ्यात घातली. वाट मध्यम, सहा मैलांची. एका बाजूनं चढायचं, माथ्यावर डबा, दुसऱ्या बाजूनं उतरून चारला परत सुरुवातीच्या जागी. मी खूश.

३० सप्टेंबर
वाट बघायला एकटीच गेले. सुरुवातीलाच खांबावर लाकडी पेटी, तिच्यात नोंदवही. आत जाताना नाव लिहायचं, परतल्यावर आपल्या नावावर रेघ मारायची. रेघ नसेल तर शोध सुरू होतो. पेटीचं झाकण हातातून सुटलं की थाडकन आपटतं, मी दचकलेच.

हेमलॉकच्या झाडांच्या सावलीत दोन मैल सोपे. मग फाटा, तिथे बसायला लांब सपाट दगड. इथे वीस मिनिटं विश्रांती, आणि ती शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायची.

परतले तर माझ्या नावाखाली पेन्सिलीनं लिहिलेलं: मर्ना लाफ्लेम. रेघ नाही. वाटेत तर मला कुणीच भेटलं नव्हतं.

३ ऑक्टोबर
दुकानवाली ओडेट लाफ्लेम डोनट पिशवीत भरत होती. मी ते नाव घेतलं आणि तिचा हात थांबला. मर्ना तिची धाकटी बहीण. अकरा वर्षांपूर्वी मंडळाच्या सहलीत मागे पडली. म्होरक्या वॉरन टिबेट्सला घाई होती, म्हणून त्यानं सगळ्यांच्या नावांवर एकदमच रेघा मारून टाकल्या. मर्ना कुठे, असं कुणी विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या गाडीतून गेली असेल. वहीप्रमाणे ती परतली होती! दोन दिवस कुणी शोधलं नाही. सापडली ती फाट्यावरच्या दगडावर, बसलेली, गोठलेली.

ओडेट म्हणाली, मला त्याची माफी नको गं. त्याला म्हणावं, चारचौघांत एवढंच म्हण, की ती रेघ मी मारली.

६ ऑक्टोबर
वॉरन अजूनही म्होरक्याच. त्याला त्या रेघेबद्दल सरळ विचारलं. हसला. "एस्थरबाई, आल्या आल्या भाषणं नकोत. मागच्यांची वाट बघत बसलो तर माथा गाठायचा कधी? संध्याकाळी?"

माझं रक्त उसळलं. आखणाऱ्यानं ठरवलेली रांग म्होरक्यालाही मोडता येत नाही, हा मंडळाचाच नियम. तिथल्या तिथे कागद काढला आणि लिहिलं: सर्वांत मागे, वॉरन टिबेट्स.

८ ऑक्टोबर
पुन्हा गेले. भरदुपारी. मी थांबले की मागची पावलं थांबतात, एक पाऊल उशिरा. पळावंसं वाटलं, पळाले नाही. वळून म्हणाले, अकरा तारखेला, मर्ना.

पावलं परत फिरली.

११ ऑक्टोबर
मी धरून चौदा जण आत गेलो. फाट्यापर्यंत वॉरन मागे होता; माथ्यावर डबे संपले तरी आला नाही. मी वाट बघितली नाही. चला म्हणाले.

खाली पेटीपाशी पेन्सिल मीच घेतली. घाई आहे म्हणाले. तेरा रेघा मारल्या. मग चौदावी. कुणीतरी विचारलं, वॉरन कुठेय? माझ्या तोंडून निघालं, दुसऱ्या गाडीतून गेला असेल.

न्याय झाला.

१२ ऑक्टोबर, सकाळ
वॉरनची गाडी अजून काल लावली तिथेच, चर्चपाशी उभी. शोधपथकाला फोन केला. ते लोक पेटीतली वही बघून आले आणि म्हणाले, तो परतलाय बाई, नावावर रेघ आहे. कुणी मारली?

मी गप्प बसले. मी! आयुष्यभर बोलले आणि इथे –

एकटी जातेय, ही वही खिशात घालून. नाव लिहून.

दुपार
दगडावर वॉरन. बसलेला. गार. त्याच्या शेजारी ती. मान वर करत नाही.

उतरले. फाटा आला. पुन्हा उतरले. पुन्हा फाटा.

थाड्.

पेटीचं झाकण. दोन मैलांवरून कसं –

माझ्या नावावर आता –

ओडेट, चारचौघांत सांग, वॉरनच्या नावावरची रेघ मी मारली. मी.

आणि तुम्ही, मागे राहणाऱ्यांनो, पेटीपाशी जा. शेवटचं नाव एस्थर प्रूइट. त्यावरची रेघ माझी नाही. मी आत आहे. दगडावर ते दोघं सरकून जागा करताहेत – जा, ती रेघ खो