सात शिंगांच्या ड्रॅगनला किती गुण?

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून खुर्चीतूनच). इकडे सगळे ठीक. तुझे कान कसे आहेत? वहिनी म्हणते, तुमच्या घरातलं बोलणं आता शेजारच्या तीन घरांना घरबसल्या कळतं.

कानाच्या मशीनसाठी तुझी लहानपणची ड्रॅगनची कार्डं (बिस्किटांच्या पुड्यातली, माझ्या वाटची बिस्किटं खाऊन जमवलेली) विकायला सांगितलीस, त्याला तीन आठवडे झाले. उशिराचं कारण असं, की जुनी कार्डं घेणारा दुकानदार म्हणाला, "ताई, आधी ग्रेडिंग करून घ्या." म्हणजे कार्ड एका कंपनीकडे पाठवायचं, तिथली माणसं कोपरे, कडा, ओरखडे तपासून दहापैकी गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून टाकतात. नऊ-दहा मिळाले तर किंमत कितीतरी वाढते, पाच-सहा मिळाले तर फीसुद्धा सुटत नाही. मी विचारलं, माणसांचं कुठे करतात? तो म्हणाला, "ते घरीच होतं, ताई. फुकट."

मग मी आमच्या चष्म्याच्या दुकानातून भिंग आणलं आणि त्रेसष्ट कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली. काहींवर चहाचे डाग, काहींना तुझ्या खिशाची घडी, एक तर बरीच वर्षं डुगडुगत्या कपाटाखाली होतं. हे मागून डोकावून म्हणाले, "त्या मानाने माझे कोपरे बरे आहेत." खरं सांगू, भिंग धरलं की चांगल्या वस्तूतलंही आधी वाईटच दिसतं. दोन दिवसांनी मी भिंग ठेवून दिलं आणि बासष्ट कार्डं तशीच, बिनगुणांची विकली. पैसे पाठवले आहेत. मशीन थोडक्यासाठी अडेल, ते मी बघते.

राहिला सात शिंगांचा ड्रॅगन. "हे एक तरी पाठवाच," असं दुकानदाराने तीनदा सांगितलं. मी पाठवलं नाही. हे कार्ड इतरांपेक्षा जरासं लहान आहे आणि छापखान्याच्या चुकीमुळे असं एकच निघालं, हे तू आजवर सगळ्यांना सांगत आलास. दादा, छापखान्याचा काही दोष नाही. मी सहा वर्षांची होते, तू मला खेळात घेतलं नाहीस, म्हणून मी त्याचा एक कोपरा चावला. मग घाबरून आईच्या कात्रीने बाकीचे तीन त्याच्यासारखे करायला गेले, ते जमेनात, म्हणून चारी कडाही कापल्या. कापलेल्या कार्डाला कंपनी गुणच देत नाही. छत्तीस वर्षं तुझी छापखान्याची गोष्ट मी मान डोलावत ऐकली. रागावलास तर वहिनीकरवी कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी ड्रॅगन तू घातलेल्या जुन्या पारदर्शक पिशवीतून पहिल्यांदाच बाहेर काढला. मागे आधाराला घातलेल्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, पेन्सिलीने तुझ्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं आहे: "धाकटीने कापलं. तिला ओरडायचं नाही. कोणी विचारलं तर छापखान्याची चूक." म्हणजे इतकी वर्षं मान कोण डोलावत होतं?

ता. क. २. ड्रॅगन विकायचा नाही. मला दे. मशीनला कमी पडतील ते पैसे त्याचेच समज. आणि मशीन कानात घातलंस की पहिला फोन मला कर. एक गोष्ट सांगायची आहे, ती ओरडून सांगता येत नाही.