बिनगिअरची पेटी

वाई,
मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी

जयराजास विद्याधरचा नमस्कार. दंडवत नव्हे, तेवढी तुझी योग्यता नाही.

प्रथम तक्रार. तुझ्या कुपवाडच्या गॅरेजात ऑइलवाल्याने दिलेलं जे कॅलेंडर लटकतं, त्यात एकादशी एक दिवस आधी छापली आहे. त्यावर विसंबून मी ऐन एकादशीला तुझ्याकडे दोन वडापाव खाल्ले. सव्वीस वर्षांचं व्रत मोडलं. पाप निम्मं छापखान्याला, निम्मं तुला. मी निर्दोष, असा निर्णय मीच दिला आहे.

कोठडीत तुला पातळ पेजच जाते, असं पूजावहिनी म्हणाल्या. तुझा जबडा बांधलेला, म्हणजे सांगलीला थोडी शांतता लाभली असेल. हे पत्र वकीलसाहेब तुला वाचून दाखवतील आणि फाईलमध्ये जपून ठेवतील. तसं मी त्यांना बजावलं आहे.

त्या दिवशी हायब्रिड गाडीची, गिअरबॉक्सच्या जागी असते ती पेटी खोलून तू टेबलावर मांडलीस, तेव्हा मी शिष्यासारखा ऐकत होतो. मधे सूर्य, भोवती चार ग्रह, बाहेर दातेरी कडं. "इंजिन ग्रहास्नी फिरवतंय, गुर्जी. ग्रह जोर वाटून देत्यात. शंभरातला सत्तरेक कड्याला, म्हंजी चाकाला. उरल्याला सूर्याकडं, तितं वीज हुती. ती मोटारीतनं परत चाकालाच. गाडी हळू जाऊ दे न्हाईतर लय जोरात, इंजिन आपल्या सोयीच्या चालीनंच फिरणार."

मी विचारलं, राहू-केतू कुठे?

"त्ये गिऱ्हाईक म्हणून येत्यात."

आणि गाडीचे मालक सयाजीराव आत आले. उसाचे बागायतदार, जन्मभर स्वतःचे ट्रॅक्टर स्वतः खोललेले. टेबलाकडे बघून म्हणाले, "पाच गिअर कुठं हायत?"

"आवं, हिला तसलं गिअर नसत्यात. क्लचबी न्हाई." तू हसलास. हसायला नको होतंस.

"इकलंस व्हय रं? आन् वर दात काढतोस?"

त्यांनी टॉमी उचलली. लोखंडाच्या त्या दांड्याचा पहिला फटका तुझ्या उजव्या मनगटावर. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. दुसरा बरगडीत. तिसऱ्याने जबडा फुटला, दोन दात ग्रहांच्या शेजारी येऊन पडले. मी बोट वर करून म्हणत होतो, "सयाजीराव, ही रचनाच वेगळी असते." मास्तर माणूस दुसरं काय करणार? चौथ्यांदा टॉमी उगारली ती तुझ्या टाळूवर. मी ते कडं दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांच्या कानशिलात हाणलं.

इथवर कुठलंही शास्त्र मला सोडवेल. पुढचं मी घरी सांगितलेलं नाही. ते खाली पडले, टॉमी हातातून सुटली, त्यांनी हात जोडले. मी पुन्हा मारलं. हाडाचा आवाज झाला. तो ऐकूनही तिसरा घाव घातला. तू बघत होतास.

पोलीस आले तेव्हा फुटक्या तोंडाने तूच म्हणालास, "म्या मारलं." मोडक्या मनगटाने एवढं जड कडं कसं उचललं, कुणी विचारलं नाही. त्यांनी तुझे काळे हात पाहिले, माझं उपरणं पाहिलं. उपरण्यावरचं रक्त तुला सावरताना लागलं, हेही त्यांनीच ठरवलं. मला खुर्ची दिली. मी बसलो.

सयाजीरावांनी अजून डोळे उघडलेले नाहीत. मिरजेत दवाखान्याच्या पायरीवर त्यांची आई, रंगूबाई, बसून असते. काल मी फळं घेऊन गेलो, तर माझ्या पाया पडली.

उद्या पहिल्या एसटीने सांगलीला येतो आहे, खरं सांगायला. तुरुंगाचं भय वाटतं, पण ते सोसेन. मला धास्ती निराळीच आहे. फौजदार हसतील, म्हणतील, "गुरुजी, मित्रासाठी खोटं बोलू नका, घरी जा." आणि मी त्यांचा चहा पिऊन घरी येईन.

तीन घाव घालणारा,
विद्याधर