केदारने व्यापलेली जागा

सोमवार, ३ नोव्हेंबर
बोईसरला रुजू झालो. खोली हवेशीर, घरमालकीण प्रेमळ, सातपाटीचे बोंबील ताजे. तक्रार एकच, पण गंभीर. सुट्टी झाली की कारखान्याच्या फाटकावरचा भोंगा म्हणतो, "बस लागली. डबा विसरू नका." माझ्याकडे डबाच नाही! निष्कांचनाला चोरांचे भय घालण्यातला हा प्रकार. पुण्याला बायकोला, समिधाला, फोनवर हे रंगवून सांगितले. ती नुसते "हं" म्हणाली.

मंगळवार, ४
तो आवाज माझ्या आधीच्या संगणकवाल्याचा, केदारचा. दिवाळीआधी तापाने गेला. चहावाली पारू म्हणाली, "केदारभाऊ गेले, पन आवाज हाय ना. बस चुकत नाय कोनाची." राबतो मी, आणि स्तुती दिवंगताची.

गुरुवार, ६
मुख्य यंत्राची साठवण काठोकाठ भरली आहे. त्याच्या पोटात माझ्यासकट सगळ्यांचे आभासी संगणक, प्रत्येकाला आपापली डिस्क; सर्वांत लठ्ठ केदारची. नुसत्या फायली पुसून भागत नाही; आत मोकळी झालेली जागा बाहेर परत मिळत नाही. ती शून्यांनी भरायची, मग डिस्क आवळून लहान करायची. आधी प्रत काढून ठेवावी, हा या शास्त्राचा पहिला नियम. मी काढली नाही. त्याचा आवाजही पुसला. जागा हवी होती, असे साहेबांना सांगितले. खरे म्हणजे जळत होतो. भोंग्यात आता माझा आवाज भरला आहे, सानुनासिक आणि शुद्ध.

शुक्रवार, ७
माझ्या आवाजाने एकही कामगार उठला नाही. मग भोंग्यातून पुसलेला केदार बोलला. सगळे हसत बसकडे निघाले. त्याची डिस्क पुन्हा फुगली आहे. माझी तेवढीच आक्रसली आहे.

शनिवार, ८
घसा बसला. पारूला हाका मारल्या. तिने वळूनही पाहिले नाही. केदारची डिस्क पुन्हा आवळली — आवळली गेली माझीच —

रविवार, ९
आवाज फुटत नाही. समिधाचा फोन. उचलला, नुसते ओठ हलवले. ती ऐकत राहिली. मध्येच हसली — माझ्याशी अशी कित्येक वर्षांत हसली नव्हती. म्हणाली, "तिकडं गेल्यापासून किती छान बोलायला लागलात हो."
मी बोललोच नव्हतो.

सोमवार, १०
फोन वाजतोय. उचलणार नाही. भुताची भीती नाही मला. आवाज गेला, जाऊ दे. समिधाला माझी उणीवच भासणार नाही, एवढीच —
वाजायचा थांबला; आपोआप उचलला गेला. मी हातही लावला नाही —
ती हस