काळसेकर अँड पार्टी

८ जानेवारी २०२४, सोमवार

बरणी २३१६ चं झाकण सैल! आतलं स्पिरिट अर्ध्यावर उतरलेलं. नशीब आज दिसलं. अजून सहा महिने गेले असते तर आतल्या देवगांडुळाची सुकी काडी झाली असती. दिसायला जाडजूड गांडूळ, पण नात्यानं बेडकांच्या घरातलं, पाठीत कणा असलेलं. चाळीस वर्षं वेटोळं घालून बसलंय.

स्पिरिट भरून बरणी श्रद्धा मॅडमच्या टेबलावर नेली. संस्थेचा हा सगळा संग्रह त्यांच्याकडे – बेडूक, सरडे, साप, आणि आता मीही. त्यांनी भिंग काढलं ते काढलंच. चहा गार झाला. शेवटी म्हणाल्या, "मेहजबीन, जरा अंगावरची वलयं मोज. माझा माझ्यावर विश्वास नाही."

एकशे एकोणतीस. तीनदा मोजली. चिठ्ठीवर लिहिलेल्या जातीला इतकी नसतात म्हणे.

१० जानेवारी

आजही एकशे एकोणतीसच.

अम्मीचं रोजचंच – "हात धुतलेस का?" सहा वर्षं झाली या नोकरीला, एकदाही विचारायला चुकली नाही.

१६ जानेवारी

नवी जात आहे! मॅडमनी सगळी पुस्तकं, परदेशातले फोटो, सगळं ताडून पाहिलं. आजवर कुणी नोंदवलेलीच नाही. आणि आमच्याच कपाटात, भलत्याच नावाच्या चिठ्ठीखाली पडून होती.

आता शोधनिबंध लिहायचा. पण चिठ्ठीवर जागा काय, तर 'वेल्हे तालुका, १९८४'. बस्स! एवढ्यावर कोण छापणार? तेव्हाच्या दौऱ्याचे प्रमुख डॉ. काळसेकर वारले त्याला वीस वर्षं झाली, त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. 'कुणी पकडली' या रकान्यात – 'डॉ. काळसेकर अँड पार्टी'.

मी विचारलं, पार्टी म्हणजे कोण?

"जे चिखलात उतरतात ते," मॅडम म्हणाल्या.

१८ जानेवारी

तीन कपाटं उपसली. शिंका मोजल्या नाहीत. १९८४ चं हजेरीपुस्तक मिळालं! त्या दौऱ्यावर एकच मदतनीस – बापूराव शितोळे, राहणार लोणी काळभोर.

मॅडम म्हणाल्या, "असतील तर जागा कळेल. आणि नावही त्यांचंच देऊ या जातीला. पार्टी म्हणून किती दिवस राहायचं माणसानं?"

२१ जानेवारी, रविवार

स्वारगेटहून बस, निम्मा रस्ता उभ्यानं. पण आहेत! एक्क्याऐंशी वर्षांचे, ताठ, कान शाबूत. मोबाईलवर बरणीचा फोटो दाखवला. मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "ही हाय अजून?" जणू एखाद्या पाहुणीची चौकशी!

जागा घडाघडा सांगितली. कड्याखालची धनगरवाडी, वरच्या अंगाला गोठा, गोठ्यामागं शेणखताचा ढीग. "त्याच्या बुडाला घावली. हातभर खोल." नकाशावर बोट ठेवायला सांगितलं, ठेवलं. मी तिथंच पेन्सिलीनं फुली मारली.

मग नावाचं सांगितलं. लॅटिनमध्ये – बापूरावी. जगभरातल्या पुस्तकांत, कायमचं.

"माझं नाव?" दोनदा विचारलं. डोळे भरले बहुतेक. त्यांच्या पत्नी, चंद्रभागाकाकू, चहा घेऊन आल्या. कप ठेवला, साखर पुरेशी आहे ना विचारलं आणि आत गेल्या. सून रुपाली तोवर फोनवर सगळ्या भावकीला कळवून मोकळी!

निघताना पिशवीभर वांगी दिली. अम्मी म्हणाली, "चला, तुझ्या बेडकांनी एकदाचं काहीतरी दिलं."

२५ जानेवारी

रुपालीनं फोटो पाठवला. गावच्या चौकात फ्लेक्स लागलाय! 'आमच्या गावचा अभिमान – मा. बापूराव शितोळे.' शेजारी फणा काढलेला नाग. देवगांडुळाचा फोटो मिळाला नसावा. मॅडम पाणी पिता पिता ठसकल्या. "असू दे. कणा तरी आहे त्याला."

३१ जानेवारी

निबंध पुरा झाला. परवा पाठवायचा. आभारात माझं नाव – सहावं. माझं कंत्राट मार्चपर्यंतच, पुढचं कुणी बोलत नाही. तरी आज घरी येताना खडकी स्टेशनवरून चालत आले, उगीच, लांबच्या रस्त्यानं. फार बरं वाटत होतं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दहाला दारात बापूराव! मागे चंद्रभागाकाकू. खुर्ची दिली तर बसेनात.

"मॅडम, ती मी न्हाई धरली. मी साप समजून कुदळ उचलली हुती. हिनं माझा हात धरला. स्वैपाकाला आणली हुती हिला, हजेरीत नाव न्हवतं. त्या दिवशी तुमच्या पोरीसमोर जीभच उचलंना. लोभ झाला." मग खाली बघून – "फ्लेक्स पहाटंच उतरवला."

मॅडमनी काकूंना विचारलं, साप नाही हे कसं ओळखलंत?

"सापाला खवलं असत्यात. हिची कातडी वली, नुसती वळी वळी. मग दुधाच्या किटलीत माती घालून ठिवली."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. निबंध उघडला, 'बापूरावी' खोडलं. बाईचं नाव असलं की लॅटिनमध्ये शेवट वेगळा होतो म्हणे. नवं नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचून पाहिलं – "चंद्रभागे."

काकूंनी चटकन 'ओ' दिली.