जुन्या लिंकचा पूर

१२ जून, गुरुवार. बिरवाडी
आज नाक कापलं गेलं. माझं, माझ्याच हाताने.

सकाळी पावणेअकराला, लख्ख ऊन पडलेलं असताना, माझं नदीचं पान, म्हणजे पुराचा इशारा देणारी माझी वेबसाइट, लाल झालं. 'पोलादपूर घाट, अकरावी पायरी बुडाली. महाडकरांनी माल वर घ्यावा.' अर्ध्या तासात अख्ख्या पेठेने माल माळ्यावर चढवला. आमच्या दादाने साड्यांचे गठ्ठे एकट्याने चढवले आणि कंबर धरून बसला.

कमलकाकूला फोन केला. पोलादपूरच्या घाटाच्या पायऱ्या मोजून नोंद करणारी तीच. "अकरावी कुठली गो? तिसरीपन भिजली नाय. मी हितंच भांडी घासतंय."

मग दादाचा फोन. "सुमे, लांडगा आला रे आला झालं तुझं. खरं पाणी येईल तेव्हा एक माणूस उठायचा नाही." बरोबर बोलला, म्हणून जास्त लागलं. तीस तारखेला व्यापारी मंडळाची बैठक. माझं पान ठेवायचं की बंद करून पुण्याच्या कुणाचं तरी ॲप घ्यायचं. अध्यक्ष दादाच.

१३ जून
हॅकर शोधायला बसले. लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीच्या, ओळी वाचता वाचता चहा तीनदा गार. परदेशातला कुणी नाही, बॉट नाही.

सापडलं ते असं. १०.४१ ते १०.४४, चार वेळा, तीच ओळ. 'पायरी=११', आणि पासवर्डसुद्धा लिंकमध्येच! गेल्या वर्षीची लिंक. काकूला टाइप करायला नको म्हणून तिच्या मुंबईच्या जावयाने तेव्हा भरलेल्या फॉर्मचीच लिंक ग्रुपवर टाकली होती. काल कुणीतरी ती पुन्हा फिरवली, 'बघा गेल्या साली किती पाणी होतं' म्हणून. आणि बघायला जो दाबेल तो नकळत आज अकरावी पायरी बुडाल्याची नोंद करतो. पान पाच मिनिटांनी ताजं होतं, तोवर हिरवंच दिसतं, म्हणून माणूस पुन्हा दाबतो.

म्हणजे चोर नाहीच, दार माझं उघडं. नोंद GET ने, म्हणजे नुसती लिंक उघडल्यावर, घ्यायची नसते हे फॅक्टरीच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी अठरा वर्षं पोरांना सांगत आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चारही क्लिक एकाच इंटरनेट पत्त्यावरून. पत्ता ओळखीचा आहे, तिथला राउटर मीच बसवलाय. आज नाव लिहवत नाही.

१५ जून, रवि.
दिवसभर पर्ल, माझ्या पानाची जुनी प्रोग्रामिंग भाषा. जेवण उभ्याउभ्या.

नोंद आता फक्त POST ने, म्हणजे फॉर्म भरून बटण दाबल्यावरच. शिवाय प्रत्येक फॉर्मसोबत एक चिठ्ठी, एकदाच चालणारी. जुना फॉर्म, जुनी लिंक, काही चालणार नाही. स्वतःला ताकीद: बघणं वेगळं, नोंदवणं वेगळं. नुसतं बघितल्याने काहीही बदलता कामा नये.

मग प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत -T लावलं, टेंट (taint, म्हणजे डागाळलेलं) मोड. बाहेरून आलेली गोष्ट तपासल्याशिवाय पर्ल ती कुठल्याही धोक्याच्या कामाला वापरू देत नाही. तांदूळ निवडल्याशिवाय आधणात टाकायचे नाहीत, तसं. पायरी म्हणजे एक ते चौदामधला आकडा. बाकी सगळा खडा.

-T लावल्याबरोबर प्रोग्राम आडवा झाला. कुठे, ते बघितलं आणि अंगावर काटा आला. नोंदीच्या ठिकाणाचं नाव फॉर्ममधून घेऊन मी तसंच open ला, फाइल उघडणाऱ्या आज्ञेला, दिलेलं, जुन्या दोन भागांच्या पद्धतीने. त्या नावाच्या शेवटी कुणी नुसती उभी रेघ (|) टाकली असती तर पर्लने ती फाइल न समजता हुकूम समजून चालवली असती! माझ्या सर्व्हरवर, कुणालाही, काहीही. सात वर्षं. देवानेच राखलं म्हणायचं.

तीन भागांचं open केलं. ठिकाणांची नावं ठरलेल्या यादीतूनच. फोल्डरची परवानगी ७७७ होती, म्हणजे या आणि लिहा. वाडीत दाराला कडी नसते ते ठीक, तिथे अनोळखी माणूस आला तर कुत्रं भुंकतं.

१८ जून. पोलादपूर
काकूकडे. सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड बंद, प्रत्येकाला आपापला. काकू रागावली. "माज्या नावानं खोटं कोन सांगल?"
म्हटलं, जावई सांगेल, प्रेमाने.
हसली. मग जे बोलली ते पुस्तकात नाही. "पुरात एकट्या बाईच्या हाळीला कोन उठलाय गो? मी हितनं हाळी द्यायची, पुलावरनं दुसऱ्यानं परत द्यायची. दोन हाळ्या झाल्या की गाव उठायचा. तुजा कंपुटर एकीतच उठतो. येडा हाय तो."
खरंच येडा. परत येताना एसटीतच कागदावर नियम मांडला: दोन वेगळी माणसं, दहा मिनिटांच्या आत, तरच लाल. दुसरी हाळी पुलाजवळच्या चहावाल्या रमेशची. तो लगेच तयार झाला.

२४ जून
वैशाली, फॅक्टरीतली जुनी मैत्रीण, आता पुण्यात ॲप फोडून तपासायचं काम करते. तिला शनिवारी म्हटलं, माझं पान फोड. आधी हसली, "पर्ल? अजून जिवंत आहे?" म्हटलं, जिवंत आहे, तुझ्या ॲपसारखं आठवड्याला अपडेट मागत नाही. फोन ठेवला आणि गुपचूप सगळी मॉड्यूल अपडेट केली. सहा वर्षांची तुंबली होती.

तीन दिवस झटली. अवतरणचिन्ह घालून डेटाबेस फोडायला बघितला, पण तिथे मी पहिल्यापासून प्लेसहोल्डरच वापरलेत, आलेला मजकूर तिथे हुकूम होऊच शकत नाही. नोंदीत स्क्रिप्ट घालून पाहिली, ती पानावर नुसती अक्षरं होऊन बसली. उभी रेघही टाकली पठ्ठीने!
आज मेसेज: "हरले गं."
अंगणात एकटीच मोठ्याने हसले. शेजारीण बघत होती, बघू दे.

३० जून. महाड
बैठक. दादाने सगळ्यांसमोर फोन काढला. "ही बघा ती लिंक, सुमी म्हणते खोटी नोंद हिच्यावरून झाली. आता दाबतो, आणि तुम्ही पान बघा."
दाबली. पंधरा माणसं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून. पान हिरवंच. दादाच्या फोनवर: 'ही लिंक जुनी आहे. काहीही नोंदवलेलं नाही.'
पुन्हा दाबली. पुन्हा. चारदा दाबली.
 तेरा तारखेपासून जे लिहवत नव्हतं ते समोर घडत होतं. पत्ता दादाच्या दुकानाचा आहे. बघायला म्हणून त्यानेच चारदा दाबली होती, आणि त्याचाच माल त्याने त्याच्याच पाठीवरून चढवला.
ठरलं: पान राहील, या पावसाळ्यापुरतं. टाळ्या नाहीत, पण जिंकले.

१७ जुलै, गुरु.
११.२० काकू: नववी पायरी. ११.२४ रमेश: नववी. पान लाल. मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळं आपोआप झालं.
दादाला फोन केला तर वहिनीने उचलला. "ते माळ्यावर आहेत. लाल झाल्या झाल्या शिडी लावली. पेठेत पहिले तेच."
दुपारी पेठेत गुडघाभर पाणी. माळे कोरडे. एकाही दुकानाचा एक गठ्ठा भिजला नाही. एकाचाही नाही!
काकूला सांगितलं. "मंग? दोन हाळ्या होत्या." रडले थोडी.

१९ जुलै, शनि.
दादाच्या दुकानातला चिखल काढायला गेले. दोघांनी मिळून गिऱ्हाइकांचा मोठा आरसा माळ्यावरून उतरवला. दादा खुशीत, येईल त्याला सांगतोय, "बहिणीचं पान आहे आमच्या."
मग हळूच म्हणाला, "सुमे, जूनमध्ये त्या लिंकवरून मुद्दाम खोटी नोंद केली कुणी, सापडला का तो?"
"सापडला."
"कोण? एकदा माझ्यासमोर उभा कर त्याला. कानाखाली जाळ काढतो."
त्याच्या समोरच आरसा. जिभेवर आलं होतं. पण चुकलं त्याचं बोट की माझं दार? म्हटलं, आधी चहा घे.
लॉगच्या त्या चार ओळी छापून आणल्या होत्या. अजून पर्समध्येच आहेत.